सिग्नल मोठ्यानं पुकारा

आमच्या वर्गात भिंतीला एक लाकडी सिग्नल टांगलेला होता. दोरी ओढली की त्याचा तांबडा हात खाली पडायचा, म्हणजे वाट मोकळी. दोरी सोडली की हात आडवा, म्हणजे थांबा. मी शिकवायला रुजू झालो आणि थोड्याच दिवसांत ती दोरी तुटली. नव्या दोरीसाठी मी वर अर्ज केला, आठवण दिली, पुन्हा आठवण दिली. शेवटी घरून पायजम्याची नाडी आणली आणि ओवली. गाड्या सुरक्षित कशा चालवाव्यात हे शिकवणारी शाळा ती, आणि तिचा सिग्नल माझ्या नाडीवर चालत होता. साहेबलोक पाहणीला येत, नाडीकडे बघत, "व्हेरी गुड" म्हणत आणि चहाला जात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी गिरगावात राहायचो आणि ट्रामनं परळला यायचो. आमची शाळा म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. इंजिनात कोळसा मारणाऱ्या फायरमनला ड्रायव्हर व्हायचं असेल, तर आधी आमच्याकडून पास व्हावं लागे. मी स्वतः इंजिनावर राहिलेला माणूस. कंबर गेली म्हणून मला खाली उतरवलं आणि हातात खडू दिला. त्याचा राग मी वर्गावर काढतो असं माझी बायको म्हणायची. तिचं अगदीच चूक होतं असं नाही.

शिकवण्यासारखं पुष्कळ होतं. वाफ कशी राखायची, चढावर कोळसा कसा वाचवायचा, ब्रेक कधी हळू आणि कधी जोरात. हे सगळं पोरं शिकत. कोकणातून आलेली, गिरणीतल्या बापांची, कामाला वाघ. माझं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीवरून, सिग्नल पुकारण्यावरून. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर एका बाजूला, फायरमन दुसऱ्या बाजूला, आणि पुढे बॉयलरचं धूड. वळणावर एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून नियम असा, की सिग्नल दिसला की दोघांनी तो एकमेकांना मोठ्यानं सांगायचा. हात आडवा असेल आणि ड्रायव्हर थांबवत नसेल, तर फायरमननं ओरडायचं. तरी थांबवलं नाही, तर स्वतः हात घालून ब्रेक मारायचा. तिथं कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही.

"हात आडवा असेल तर समोर बाप असला तरी ओरडा," असं मी वर्गाला सांगायचो. वर्ग हसायचा. हसायला काय जातं? यांच्यापैकी एकानंही जन्मात बापापुढे आवाज चढवलेला नव्हता.

काळाचौकीचा एक फायरमन त्या वर्गात होता. तिशीच्या आतबाहेरचा, उंचापुरा. आवाज असा की वर्गात तो पुकारायला लागला की शेजारच्या खोलीतले कारकून येऊन दार लावून घेत. जोडीदार बरोबरीचा असला की ठणठणीत. पण वयानं मोठा माणूस ड्रायव्हरच्या जागी आला की याची दातखीळ बसायची. सिग्नल बघायचा, मान खाली घालायचा आणि खाकरायचा.

होय, खाकरायचा. घसा साफ करतात तसं.

मी म्हणालो, "हे काय?"

"पुकारलं ना, मास्तर."

"याला पुकारणं म्हणतात? काय दिसलं ते सांग!"

"आडवा हाय."

"मग ते त्यांना सांग! मला काय सांगतोस?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मोठ्या माणसाक तोंडावर चुकलात म्हणून कसा सांगतलंय?" मूळ गाव मालवणकडचं. अडचणीत सापडला की त्याची मालवणी बाहेर यायची.

दोनदा तो याच पायी नापास झाला होता. दुसऱ्या वेळी तर कमालच झाली. परीक्षेला दुसऱ्याच इंजिनशेडचा एक वयस्क ड्रायव्हर होता. यार्डात हात आडवा दिसला तसा आमचा गडी खाकरला. ड्रायव्हरनं लक्ष दिलं नाही. हा पुन्हा खाकरला. तेव्हा त्या भल्या माणसानं खिशात हात घातला आणि याला ज्येष्ठमधाची कांडी दिली. यानं ती दोन्ही हातांनी घेतली! तेवढ्यात इंजिन सिग्नल ओलांडून पुढे. रूळ बदलणारा पॉइंट्समन लाल बावटा नाचवत धावला म्हणून थांबलं. मी मागे उभा होतो. त्या दिवशी घरी गेलो तो मी जेवलोच नाही, आणि बायकोला कारण सांगितलं तर ती पोट धरून हसली.

तिसरी खेप शेवटची. त्यात गेला तर जन्मभर फावडं. बरोबरीचे त्याच्या पुढे निघून गेले होते, काल कोळसा फोडायला आलेली पोरं उद्या त्याला हुकूम सोडणार होती. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माणूस मठ्ठ असता तर मी एवढा चिडलोच नसतो.

खाकरणं आलं कुठून, हे मला त्याच्या मामांमुळे समजलं. त्या काळी ड्रायव्हर आणि फायरमन यांची जोडी ठरलेली असे, आणि याची जोडी होती सख्ख्या मामाशी. वडील लहानपणीच गेले. मामांनी गावाहून आणलं, वाढवलं, इंजिनावर चिकटवलं आणि पुढे आपलीच मुलगी दिली. म्हणजे मामा, सासरा आणि ड्रायव्हर, तिन्ही एकच. एकाच खोलीत राहायचे. त्या घरात मामांना कुणी उलट बोलत नसे. मामांचं काही चुकलं तर खाकरायचं. मामा ते बरोबर ओळखत आणि कुणी काही म्हटलंच नाही अशा चेहऱ्यानं चूक सुधारत. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी व्याह्यांचं गाव चुकीचं सांगितलं, तर म्हणे मुलगी, बायको आणि जावई, तिघंही एकदम खाकरले. हे मला त्यानंच मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी कपाळावर हात मारला.

दोघांना एकत्र बघावं म्हणून मी एक दिवस त्यांच्या इंजिनावर चढलो. रे रोडच्या बाजूला, गोदीकडे मालगाड्या नेणाऱ्या लाईनीवर त्यांचं काम असे. मामा म्हणजे ताडासारखे सरळ, पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. आणि खरं सांगतो, इतकं सफाईदार काम मी क्वचित पाहिलं. वळण आलं, जावई खाकरला, मामांनी वाफ बंद केली, गाडी लोण्यासारखी उभी. सरळ लाईनीवर पुढे एक हात आडवा होता, तिथंही जावई खाकरला, मामांनी ब्रेक दाबला. शब्द म्हणून नाही. दोघांचं असं काही जुळलेलं, की माझा संताप आणखीच वाढला. कारण हे जे चाललं होतं ते फक्त या दोघांपुरतं होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला याच्या घशातलं कळणार होतं?

खाली उतरल्यावर मी मामांना म्हणालो, "तुमच्या लाडानं हा नापास होतोय. त्याला बोलायला लावा."

मामांनी तंबाखू मळली. "लहानपणापासून तसाच तो. मी नाय काय शिकवलं."

"शिकवलं नाही, पण चालवून घेतलंत ना?"

मामा डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले.

त्याच आठवड्यात मी घरी निघालो असताना लालबागला ट्राम अडली. मोर्चा चालला होता. रस्ताभर माणसं, गिरण्यांमधून सुटलेली, बायका पोरं कडेवर घेऊन. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ट्रामची काचसुद्धा थरथरत होती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि पुढे कोण असावं? आमचा खाकरणारा! कुणाच्या तरी खांद्यावर बसलेला, मानेच्या शिरा ताणून एकेकाचा उद्धार करत होता. मुख्यमंत्र्यांपासून दिल्लीपर्यंत कुणाला सोडलं नाही. बंदुका घेतलेले पोलीस समोर उभे, त्यांच्या तोंडावर हा गर्जत होता आणि हजार माणसं त्याच्यामागून गर्जत होती.

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मीही ट्राममधून ओरडलो. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला धरलंच.

"काल सरकारला अरे-तुरे करत होतास. गोळी घातली असती तुला."

"घालू दे."

"मरायला भीत नाहीस, आणि मामांना 'थांबवा' म्हणता येत नाही?"

तो हसला नाही. "सरकारनं काय मला वाढवलं नाय, मास्तर."

मी खडू आपटला आणि वर्ग सोडला. बाहेर येऊन तिथल्या नळावर तोंड धुतलं, तेव्हा कुठे डोकं थोडं शांत झालं.

मग मी माझ्या परीनं जे जमेल ते केलं. रोज दुपारी त्याला एकट्याला बसवायचो. मी स्वतः ड्रायव्हर व्हायचो, डोक्याला रुमाल बांधायचो, मामांसारखा ताठ बसायचो. तो माझ्याकडे बघून आधी हसायचा, मग ओरडायचा. माझ्यावर त्याला उत्तम ओरडता यायला लागलं. याचा मला आनंद मानावा की अपमान, ते कळेना. परीक्षेसाठी मी मुद्दाम एक तरुण, पंजाबी ड्रायव्हर मागून घेतला होता. वयानं याच्याहून लहान, नात्याचा ना गावचा. त्याच्यावर हा ओरडेल, पास होईल, पुढचं पुढे बघू.

आणि नेमक्या परीक्षेच्या दिवशी हरताळ पडला. ट्राम बंद, दुकानं बंद. मी गिरगावातून परळपर्यंत चालत आलो. कंबर बोंबलत होती. परीक्षा घेणारे साहेब दक्षिणेकडचे, शिस्तीचे, ते आदल्या रात्रीच येऊन शेडच्या विश्रांतीगृहात राहिले होते. फायरमन काळाचौकीहून चालत आला होता. माझा पंजाबी ड्रायव्हर मात्र पलीकडे कुठेतरी अडकला, त्याचा पत्ताच नाही. मी साहेबांना म्हणालो, दोन दिवसांनी घेऊ. साहेब म्हणाले, "नो. आज ही होगा. कोई भी ड्रायव्हर चलेगा."

तेव्हा शेडच्या दारातून मामा पुढे आले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. तरी नीट कपडे करून, रुमाल बांधून आले होते. "मी घेतो गाडी, साहेब."

मी त्यांना बाजूला ओढलं. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "त्याचं वाटोळं करू नका. तुमच्यापुढे त्याची वाचा जाते, साहेब मागे उभे राहून ऐकणार आहेत. शेवटची खेप आहे त्याची!"

"ठाव हाय मला," मामा म्हणाले आणि इंजिनावर चढले. मला त्या क्षणी त्यांना खाली खेचावंसं वाटलं.

आम्ही चौघं इंजिनावर. साहेब आणि मी मागे. गोदीच्या लाईनीवर हळूहळू निघालो. सुरुवातीचे दोन सिग्नल मोकळे होते. जावयानं ते पुकारले, हलक्या आवाजात का होईना, पण शब्दांत पुकारले. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोललो. मग सरळ लाईन लागली, आणि लांबवर हात दिसला. आडवा.

जावयानं तो पाहिला. त्याची मान खाली गेली. तो खाकरला.

मी डोळे मिटले. झालं, म्हटलं, संपलं. आता मामा वाफ बंद करतील, गाडी थांबेल, आणि साहेब कागदावर फुली मारतील. पण वाफ बंद होईना. मी डोळे उघडले. मामा समोर बघत ताठ उभे, गाडी तशीच चाललेली. जावई पुन्हा खाकरला, जरा मोठ्यानं. मामा ढिम्म हलले नाहीत. तो तिसऱ्यांदा खाकरला, आणि त्या खाकरण्याला अक्षरशः रडू फुटल्यासारखं झालं. सिग्नलचा हात आता माझ्या कमकुवत डोळ्यांनाही स्वच्छ दिसत होता.

"मामा, आडवा! थांबवा!"

तो आवाज लालबागच्या मोर्च्यातसुद्धा मी ऐकला नव्हता. "थांबवा, दिसत नाय तुमका?" असं म्हणत त्यानं झेप घेतली, मामांचा हात बाजूला ढकलला आणि ब्रेक मारला. गाडी सिग्नलच्या अलीकडे करकरत उभी राहिली.  जावयाचा हात अजून मामांच्या मनगटावर होता. तो त्यानं चटका बसल्यासारखा काढून घेतला.

साहेब पुढे आले. "सिग्नल नहीं देखा?"

"नाय दिसला, साहेब," मामा म्हणाले. "डोळ्यांवर पडदा आला हाय. लांबचं दिसत नाय."

जावई पास झाला. मामांना त्याच दिवशी इंजिनावरून उतरवलं, डोळे तपासायला पाठवलं, आणि मोतीबिंदू निघाला. साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला. असा फायरमन तयार करणं हे खरं प्रशिक्षण, तुमची पद्धत लिहून द्या, इतर शाळांना पाठवू, असं म्हणाले. मी खूश झालो. का होऊ नये? इतके दिवस त्याच्यामागे घसा मीच फोडला होता.

खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. मामा शेडमध्ये आपली पेटी आवरत बसले होते. मी तिथं गेलो ते भांडायला. डोळ्यांचं आता माझ्या डोक्यात शिरलं होतं. वळणावरच नाही, सरळ लाईनीवरही मामांना जावयाचं खाकरणं का लागायचं, ते आता उमगलं होतं.

"या डोळ्यांनी गाडी चालवत होतात? माणसं मेली असती!"

"तो होता ना."

"तो होता! आणि आज? आज त्याचं खाकरणं ऐकू आलं नाही? कान पण गेले?"

मामांनी पेटीचं झाकण लावलं. "ऐकलं. तिन्ही वेळेला ऐकलं. हात ब्रेकवरच होता माझा. तो नसता बोलला तर मीच थांबवली असती."

 म्हणजे त्यांनी मुद्दाम थांबवली नव्हती! मी तिथल्याच बाकावर बसलो.

"अहो, मग थोड्याच महिन्यांत नीट निवृत्त झाला असतात! इंजिनाला हार घातले असते पोरांनी, शेवटच्या गाडीला. हे काय करून बसलात?"

"माझ्यामागून त्याला दुसरा ड्रायव्हर भेटणार. त्याला खोकला कळणार हाय काय?" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. "त्याला सांगू नका, मास्तर. कधीच नाय."

"का नाही? तो बिचारा स्वतःला खात बसेल. सासऱ्याचं इंजिन आपण घालवलं म्हणून."

"बसू दे. मी मुद्दाम केलं असं त्याला कळलं, तर उद्या कुठला ड्रायव्हर थांबवीत नसला की हा विचार करत उभा राहील. परीक्षा घेतोय की काय माझी, म्हणून. तेवढ्यात गाडी पुढे जाईल. त्याला असंच वाटलं पाहिजे की मामाला खरंच दिसत नव्हतं, आणि मी ओरडलो म्हणून वाचलो."

मी खूप वाद घातला. म्हाताऱ्यानं माझ्याकडून शपथ घेतली तेव्हाच हात सोडला. साहेबांना पद्धत लिहून द्यायची ती मी दिलीच नाही. काय लिहिणार होतो? प्रत्येक फायरमनला एक असा सासरा द्यावा?

पुढे वर्षभरानं ट्राममध्ये तो भेटला. आता यार्डात डबे जोडणारं शंटिंगचं इंजिन चालवत होता. माझ्याशेजारी बसला, इकडचं तिकडचं बोलला, लालबाग जवळ आली तसा गप्प झाला. मग म्हणाला, "मास्तर, एक विचारू? त्या दिवशी मी दम धरला असता, तर मामांनी थांबवली असती काय हो? घरी ते कायच बोलत नाय. पण मी त्यांच्यासमोर जेवायला बसत नाय आता. घास उतरत नाय."

"हात आडवा होता ना?" मी विचारलं.

"होता."

"मग झालं तर. काय दम धरतोस?"

मी जरा जास्तच खेकसलो असेन. त्यानं मान हलवली आणि लालबागला उतरला. मामा तेव्हा हयात होते, काळाचौकीला घरीच असत. तसंच उतरून त्यांच्याकडे जावं आणि माझी शपथ मला परत द्या म्हणून भांडावं, असं मला फार वाटलं. पण ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. आणि ते म्हणतील ते बरोबरच असणार, याचाच मला संताप येत होता.